खुंटाची फूट

अक्षय तृतीयेला इंदुताई कळमेश्वरहून पहिल्या एसटीने निघाल्या आणि साडेआठला नर्सरीच्या फाटकात उतरल्या. दरवर्षी त्या आधी घरात येत, माठातलं पाणी पीत, मग भावाजवळ, रुपरावांजवळ, बसत. या वेळी पिशवी फाटकाशीच ठेवून त्या सरळ विहिरीपलीकडे गेल्या. होळीला चिडून गेलेल्या बाई आज पहिल्यांदा येत होत्या, आणि तिकडे हलवलेला आपटा त्यांनी तेव्हा लांबूनच पाहिला होता.

दिपाली स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. खिडकीतून तिला आत्याबाईंची पाठ दिसत होती. ती पाठ वाकली, मग खाली गेली. नव्या लुगड्यानिशी इंदुताई मातीतच बसल्या होत्या. मग हाक आली. हाक दिपालीला नव्हती, साऱ्या घराला होती.

"या रे पोरांनो इकडं. वहिनीचं झाड जगलं."

दिपालीचा हात थांबला. ही हाक आज येणार हे तिला चार दिवसांपासून ठाऊक होतं.

सगळे धावले. तिचा नवरा जितेंद्र टेम्पो धूत होता, तो ओल्या हातांनीच गेला. धाकटा दीर रोहित आणि त्याची बायको मिनल जरीपटक्याहून नुकतेच पोचले होते, तेही चपला न काढता मागे वळले. बुडख्यापाशी पाच धुमारे आले होते, बोटबोटभर, लुसलुशीत, हिरवेगार. रोहितने चारी बाजूंनी फोटो काढले आणि नात्यातल्या सगळ्यांना पाठवले. इंदुताईंनी मिनलकडून हळद-कुंकू मागवून घेतलं, मातीत बोट टेकवून बुडख्याला लावलं, आणि दोन्ही हात जोडून बराच वेळ तशाच बसून राहिल्या. खाटेवरच्या वडिलांना, रुपरावांना, ही बातमी जितेंद्रने कानाशी वाकून सांगितली. ते फक्त बघत राहिले. जानेवारीतल्या झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. धंतोलीतल्या दवाखान्यात एकोणीस दिवस काढून घरी आले ते असेच, नुसत्या डोळ्यांचे.

दिपाली तेवढी बाहेर गेली नाही. पुरण गार होईल, असं ती मिनलला म्हणाली.

दसऱ्याला ज्याचं पान सोनं म्हणून वाटतात, तोच हा आपटा. पण रुपरावांच्या नर्सरीतल्या या झाडाचं पान खरोखरच सोन्याच्या रंगाचं होतं. तेरा वर्षांपूर्वी मनकर्णाबाईंनी, म्हणजे रुपरावांच्या बायकोने, माहेरच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, आपट्याच्या शेंगा आणून तीनशे पिशव्यांत बी लावलं. दोनशे नव्याण्णव रोपं हिरवी आली आणि एक पिवळं. कामावरच्या बाया म्हणाल्या, रोगट आहे, फेकून द्या. मनकर्णाबाईंनी ते उचलून वेगळं ठेवलं. पुढच्या वर्षी त्या गेल्या. रुपरावांनी ते रोप फाटकाशी, रस्त्याकडेला लावलं आणि त्याला झाड न होऊ देता पुरुषभर उंचीचं भरगच्च झुडूपच राखलं.

ते पिवळं आजारी पानाचं नव्हतं. जून महिन्यात सकाळी सातच्या उन्हात ते झुडूप पाहिलं की वाटायचं, ऊन याच्यावर पडलेलं नाही, याच्यातून निघून राहिलं आहे. कन्हानकडे जाणारे ट्रकवाले गाडी हळू करायचे. एकदा एक म्हातारा सरदारजी खाली उतरला, पगडी सावरून झाडासमोर उभा राहिला, आणि परत जाऊन गाडीत बसला. दिपाली लग्न होऊन हिंगणघाटहून आली होती, झाडाझुडपांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या झाडासमोर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता, आणि नंतरच्या कुठल्याच वर्षी तो यायचा राहिला नाही.

रुपराव कुणाला शिकवत नसत. दिपाली पाण्याचा पाइप धरायची आणि बघायची. थंडीच्या शेवटी पानं झडू लागली की ते पाणी तोडत. झाड पार बोडकं झालं, मेल्यासारखं दिसलं, तरी हात लावायचा नाही. खत मूठभरच, कारण जास्त झालं की पान माजतं आणि हिरवटतं. सकाळचं ऊन दहापर्यंत पोटभर, पुढे हिरव्या जाळीची सावली. सावली फार झाली तर सोनं उतरायचं, ऊन फार झालं तर कडा करपायच्या. या दोहोंच्या मधली रेघ रुपराव रोज सकाळी उभ्याने बघून ठरवायचे आणि जाळी हातभर इकडे, हातभर तिकडे सरकवायचे. मे संपता संपता कोरड्या काड्यांवर पुन्हा पान यायचं. त्या दिवशी रुपराव जेवायला उशिरा येत, आणि उशीर का झाला हे त्यांना कुणी विचारत नसे.

रुपराव दवाखान्यात असतानाच रस्ता रुंद होणार असल्याचं कळलं. फाटकाकडची पंधरा फूट पट्टी जाणार होती आणि आपटा नेमका त्या पट्टीत होता. तेव्हा घरात दोन तट पडले. रोहितचं म्हणणं, मशीन बोलावू, मातीच्या गोळ्यासकट अख्खं उचलू. इंदुताई म्हणाल्या, दादा उठून बसेपर्यंत त्याला कुणी बोट लावायचं नाही, रस्तेवाल्यांच्या हातापाया पडा. जितेंद्र दोघांनाही हो म्हणत राहिला. दिवस निघून चालले होते, आणि झाड पुन्हा पानावर आलं की हलवणं शक्यच नव्हतं. शेवटी दिपालीने फाल्गुनात, झाड पुरतं बोडकं असताना, कुणालाही न विचारता नागसेनला हाक मारली.

नागसेन पंचवीस वर्षांपासून नर्सरीत कलमं बांधत होता. दोघांनी दोन दिवस खोदलं. जितकं मूळ तुटेल तितका वरचा भार कमी करायला हवा, म्हणून दिपालीने सगळ्या फांद्या कापल्या आणि गुडघाभर ठोंब तेवढं ठेवलं. होळीला आलेल्या इंदुताईंना फाटकाशी खड्डा दिसला आणि विहिरीपलीकडे ते ठोंब. "वहिनी गेली तवा मी रडली नाई एवढी," असं म्हणून त्या आल्या पावली परत गेल्या.

पण खोदताना आणखी एक गोष्ट झाली होती, ती दिपालीने कुणालाच सांगितली नव्हती. बुडख्याभोवती रुपराव वर्षानुवर्षं माती आणि दगड चढवून ठेवायचे. ती माती काढली तेव्हा जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला तिरपी जुनी खूण दिसली. खालची साल काळपट, खरबरीत. वरची फिकट. नागसेन हातातली कुदळ बाजूला ठेवून खाली बसला.

"आता तुमी पाह्यलंच, वहिनी, तं सांगतो," तो म्हणाला. "हे कलम हाये."

मनकर्णाबाईंचं मूळ रोप तिसऱ्याच वर्षी मेलं होतं. पिवळ्या पानाच्या रोपाला स्वतःच्या मुळावर जीव धरवेना. थंडीत पानं झडली आणि आतल्या आत ते वाळलं. पण रुपरावांनी आदल्या वर्षीच त्याची एक काडी साध्या आपट्याच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या हिरव्या रोपावर, बांधून ठेवली होती. दिपाली तेव्हा काही दिवस माहेरी होती. एका पहाटे दोघांनी मेलेलं रोप काढलं आणि त्याच खड्ड्यात कलम लावलं. दोन्ही बोडकी, उंचीला सारखीच, कुणाला काही कळलं नाही. तिच्या हातचं मेलं, हे माझ्या तोंडून निघणार नाही, एवढं रुपराव म्हणाले होते. नागसेनने ते दहा वर्षं पोटात ठेवलं.

म्हणूनच चार दिवसांपूर्वी काडीपेटीच्या गुलाएवढे हिरवे ठिपके दिसले तेव्हा दिपालीला आनंद झाला नव्हता. ते कलमाच्या सांध्याच्या खालून आले होते. ती खुंटाची फूट होती, साध्या आपट्याची. ती वाढली तर सगळा रस पिऊन घेणार आणि वरचं सोनं उपाशी मरणार. त्याच दिवशी नखाने खुडायला हवी होती. पण सणासाठी सगळे येणार, हिरवं पाहून एक दिवस घर हसेल, असा विचार तिने केला. चार दिवसांत तो विचार बोटभर वाढला होता.

दुपारी सव्वा वाजता पितरांना पान वाढून झालं. नव्या घागरीची पूजा झाली. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरड्या, चिंचवणी, सगळं रीतीप्रमाणे. किती महिन्यांनी पंगतीत बोलणं चाललं होतं. इंदुताईंनी दिपालीच्या ताटात आपल्या हाताने दुसरी पोळी वाढली आणि होळीला जास्त बोलून गेले, मनावर घेऊ नको, असं म्हणाल्या. मृग लागेपर्यंत आपण इथेच राहणार, दादाचं सगळं करणार, हेही त्यांनी जाहीर केलं. दिपालीने ती पोळी मोडून ताटात तशीच ठेवली. उद्या सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. उद्या रोहित-मिनल गेलेले असतील, आत्याबाईंना एकटं बसवून समजावता येईल.

पण हात धुता धुता इंदुताईंनी रोहितला करवत आणायला सांगितली. बुडाशी एवढी फूट आली आहे, मग वरचं वाळकं ठोंब कशाला ठेवायचं, त्या म्हणाल्या. कापून टाकलं की सगळा जोर नव्या फुटीला मिळेल. संत्र्याच्या बगीच्यात वाळकी फांदी कुणी ठेवत नाही.

रोहित करवत घेऊन विहिरीकडे निघाला. दादालाही दाखवू म्हणून इंदुताईंनी जितेंद्रकडून रुपरावांची चाकाची खुर्ची बाहेर आणवली आणि कडुनिंबाच्या सावलीत ठेवली. दिपाली ताटं तशीच सोडून धावली. ती पोचली तेव्हा रोहित गुडघे टेकून बसला होता आणि करवतीची धार सालीला लागली होती.

"तिथं करवत लावू नका, भाऊजी," ती म्हणाली.

तो थांबला. तिचा आवाज त्याने असा कधी ऐकला नव्हता.

ती त्याच्या शेजारी बसली. तिने ठोंबाच्या वरच्या भागाची साल नखाने तीळभर खरवडली आणि त्याचं बोट धरून तिथे टेकवलं. ओल लागली. रोहितने बोट पाहिलं, मग ठोंबाकडे पाहिलं. हे मेलेलं नाही, ती म्हणाली. आणि कापायचं झालं तर हे पाच कापायला हवेत. हे पानसोट आहेत, खालच्या खुंटाचे.

इंदुताई पुढे आल्या. सासरी त्यांची चाळीस वर्षं संत्र्याच्या झाडांत गेली होती आणि खुंटाला फुटणारे चुकार धुमारे, ज्यांना तिकडे पानसोट म्हणतात, ते त्यांनी हजारांनी मोडले होते.

"पानसोट मले नको शिकवू," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पानसोट कलमाले येते. हे काई कलम नाई. हे वहिनीच्या हातच्या बियाचं झाड हाये."

दिपालीने नागसेनकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. तिने जितेंद्रकडे पाहिलं, त्याला काही ठाऊकच नव्हतं. मग तिने खुर्चीकडे पाहिलं. रुपरावांचे डोळे तिच्यावरच होते. त्यांत बोल असं होतं की बोलू नको असं होतं, ते तिला कळलं नाही. रोहितच्या हातात अजून करवत होती.

"कलम आहे, आत्याबाई," ती म्हणाली. "मामाजींनी बांधलेलं. सासूबाईंचं रोप तिसऱ्या साली गेलं. पण काडी त्याचीच आहे, वरचं सगळं त्याचंच आहे."

मिनलने डोक्यावरचा पदर उगाच नीट केला. इंदुताई भावाकडे वळल्या.

"दादा, हे खरं बोलून राहिली का?"

रुपरावांनी डावा हात उचलला आणि झाडाकडे दाखवला. जितेंद्रने खुर्ची ढकलली. चाकं भुसभुशीत मातीत रुतली, तेव्हा रोहितने करवत टाकून पुढून खुर्ची उचलली. दोघा भावांनी बापाला झाडाशी नेलं. रुपराव वाकले. त्यांची तर्जनी ठोंबाच्या टोकापासून हळूहळू खाली आली, सांध्याच्या तिरप्या खुणेवर थांबली, तिथे मागेपुढे फिरली. मग खाली उतरली. सगळ्यात उंच धुमारा त्यांनी बुडाशी चिमटीत धरला आणि बाजूला ओढला, सालीच्या टाचेसकट निघावा तसा. तो निघाला नाही. डाव्या हातात तेवढा जोर नव्हता. कुणी मदतीला पुढे झालं नाही, आणि दिपालीला नंतर वाटलं की ते बरंच झालं. दुसऱ्यांदा तो सुटला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं.

इंदुताईंनी लुगड्याची माती झटकली आणि त्या घरात निघून गेल्या.

उरलेले चार दिपालीने मोडले. हिरवा, कच्चा वास हाताला लागला. सकाळी लावलेलं हळद-कुंकू तसंच होतं, खुंटावर, सांध्याच्या खाली. ते तिने पुसलं नाही.

संध्याकाळी मिनलने निघताना तिला बाजूला घेतलं. आत्या खोलीत बसल्या होत्या, मिनलने पाणी नेलं तेव्हा एवढंच बोलल्या म्हणे, "दहा वर्षं मी कोनाले हळद-कुंकू लावून राहिली होती?" दिपाली दाराशी गेली आणि वरचं त्याच झाडाचं आहे, हे तिने पुन्हा एकदा सांगून पाहिलं.

इंदुताई शब्दाला पक्क्या. मृगापर्यंत राहणार म्हणाल्या होत्या, राहिल्या. भावाला अंघोळ घालायच्या, घास भरवायच्या, त्याची दाढी करायला न्हावी आला की शेजारी उभ्या राहायच्या. पहिले आठ दिवस त्याच्याशीही बोलल्या नाहीत. मग एका दुपारी पेपर वाचून दाखवू लागल्या. दिपालीशी मात्र अबोला. एकाच ओट्यावर दोघी स्वयंपाक करायच्या, एक पोळी लाटायची, दुसरी भाजायची, आणि मीठ संपलं तर इंदुताई डबा वाजवून खाली ठेवायच्या.

खुंट पुन्हा पुन्हा फुटत होता. दर तीन-चार दिवसांनी हिरवे ठिपके, आणि दर तीन-चार दिवसांनी दिपाली ते खुडायची. एकदा ती गेली तर आधीच खुडलेले. जितेंद्र विहिरीच्या काठावर बसून हात पुसत होता. त्या दिवशी सर्वांसमोर आपण गप्प राहिलो, असं तो म्हणाला. ती म्हणाली, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं. त्यानंतर पहाटेचं पाणी तो देऊ लागला. रोहितने फोटो पाठवलेल्या नातेवाइकांना काय सांगितलं, कुणास ठाऊक. पण एका रविवारी येऊन त्याने ठोंबाभोवती बांबू रोवून हिरवी जाळी बांधून दिली.

ठोंबावर मात्र काहीच नव्हतं. मे उजाडला, पारा पंचेचाळिसावर गेला. दुपारी कुंड्या हाताला चटके देत. कामावरच्या बाया अकरालाच घरी जात. दिपालीने साल खरवडून पाहणं सोडून दिलं, कारण एखाद्या दिवशी कोरडं लागलं तर पुढे काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. रात्री पाठ टेकली की पाचच्या पाच हिरवे धुमारे डोळ्यांसमोर यायचे. ते जगणार होते. वाढून पुन्हा एक आपटा झाला असता, हिरवा का असेना. आपण जिवंत होतं ते मोडलं आणि मेलेल्याची वाट बघत बसलो, असं वाटून ती उठून बसायची.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, लागला त्याच्या चौथ्या दिवशी रुपरावांना तपासणीसाठी धंतोलीला न्यायचं होतं. सकाळी सातला निघताना दिपाली विहिरीकडे जाऊन आली. ठोंबाच्या वरच्या अंगाला, सांध्यापासून चांगलं वीतभर वर, साल दोन ठिकाणी फुगल्यासारखी दिसली. मोहरीएवढी. तांबूस. ती बराच वेळ बघत राहिली, पण कुणाला काही बोलली नाही. गेल्या महिन्यात अशा फुगवट्यांनी तिला दोनदा फसवलं होतं. घरात इंदुताई आणि नर्सरीत नागसेन, एवढेच मागे राहिले.

दवाखान्यात गर्दी होती, गोंदिया-यवतमाळपासूनचे लोक. नंबर यायला साडेदहा वाजले. निघाले तेव्हा वाटेतच धुळीची मोठी वावटळ आडवी आली. जितेंद्रने काचा लावून गाडी कडेला उभी केली. पाच मिनिटं समोरचं काही दिसत नव्हतं. नर्सरीत पोचायला पावणेबारा झाले. फाटकातून आत येताच दिपालीला मोडलेल्या फांद्या, आडव्या पडलेल्या कुंड्या दिसल्या. विहिरीपलीकडे बांबू होते, त्यांवरची जाळी मात्र नव्हती. ती पार कुंपणाबाहेर बाभळीत अडकून फडफडत होती.

आणि ठोंबाशी इंदुताई उभ्या होत्या.

भर उन्हात, डोकं उघडं. लुगड्याचा पदर सोडून त्यांनी दोन्ही हातांत ताणून धरला होता, ठोंबाच्या वर, जसा पापड वाळवताना चादरीचा काठ धरावा. गरम वाऱ्याने पदर फुगत होता आणि त्या तो पुन्हा खाली ओढत होत्या. शेजारी एक छत्री उलटी होऊन पडली होती. नागसेन कुंपणावर चढून बाभळीतून जाळी सोडवत होता.

दिपाली धावत गेली. आत्याबाई, सावलीत व्हा, मी धरते, असं ती म्हणाली. इंदुताईंचा चेहरा लाल झाला होता, ओठ कोरडे पडले होते. त्यांनी मान हलवली आणि हनुवटीने खाली खूण केली.

"आधी पाहून घे," त्या म्हणाल्या. महिनाभरातला दिपालीशी तो त्यांचा पहिला शब्द होता. "तू गेली तवा मिटून होतं. माह्यासमोर उघडलं."

दिपाली पदराखाली वाकली.

दोन पानं होती. नखाएवढी. आपट्याचं पान मिटलेलं जन्मतं, हात जोडावेत तसं, आणि मग दोन पाकळ्यांनी उघडतं. एक पुरतं उघडलं होतं, दुसरं अर्धं. पदराची सावली त्यांच्यावर होती, आणि तरी ती दिसत होती, अंधाऱ्या देवघरात समईची ज्योत दिसावी तशी. फिकट, भेगाळलेल्या सालीतून हे कुठून आलं, हे तिला कळेना. ती खुंट खोदून पाहिलेली बाई होती, सांधा पाहिलेली, मूळ कापलेली. तिला सगळं माहीत होतं आणि त्यातलं काहीच या दोन पानांना पुरेसं नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला. तिने श्वासही बाजूला सोडला. मग तिला ठोंबावर आणखी तांबूस ठिपके दिसले. एक, दोन, चार. मागच्या अंगाला आणखी तीन.

"तेच हाये वं," इंदुताई वरून म्हणाल्या. "मी वहिनीच्या हातात पाह्यलं होतं पहिल्या दिवशी, पिशवीतलं. एवढंच होतं. हाच रंग."

मागे खुर्चीची चाकं वाजली. जितेंद्रने बापाला गाडीतून उतरवून थेट इकडेच आणलं होतं. ऊन असं होतं की आजारी माणसाला क्षणभर ठेवू नये, पण त्याला नाही म्हणणं जमलं नसावं. रुपराव वाकून बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती हलली. मग त्यांनी मान वर करून बहिणीकडे पाहिलं. तिचे हात भरून आले होते, पदराचं डावं टोक खाली येत चाललं होतं, आणि त्या टोकाकडून उन्हाची एक पट्टी पानाकडे सरकत होती.

रुपरावांनी डावा हात उचलला आणि ते टोक धरलं.

इंदुताईंनी ते सोडून दिलं. मोकळ्या झालेल्या हाताने त्यांनी भावाच्या डोक्यावर पदराचा उरलेला भाग ओढून घेतला. दोघं भाऊबहीण एका लुगड्याखाली, आणि मध्ये ती दोन पानं. दिपाली नागसेनच्या हातातली जाळी घ्यायला उठली, दोन पावलं गेली, आणि पुन्हा एकदा मागे वळून बघत राहिली.

"जाय ना वं," इंदुताई म्हणाल्या. "आमी हाओत तवर."